दोन भाऊ, एक विहीर आणि उन्हाची वाटणी

हे प्रकरण माझ्या सासरवाडीचं आहे. मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग शिकवतो. त्यामुळे सासरवाडीत कुणाची मोटर जळली, स्टार्टर चिकटला की फोन मला येतो. गावाचं नाव, गट नंबर, माणसांची नावं मुद्दाम काढून टाकली आहेत. दोन्ही मेहुण्यांना मी इथे थोरले आणि धाकटे म्हणतो. दोघांनी हे वाचलं आहे. धाकट्यांची एका ठिकाणी हरकत होती, ती तिथेच नोंदवली आहे.

पार्श्वभूमी

सिन्नर आणि संगमनेर यांच्या मधला पट्टा पर्जन्यछायेतला. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि इकडे वारा तेवढा येतो. कुटुंबाची इथे चार एकर माळजमीन आहे. वडील असताना विहीर खोदली. साधारण चौदा मीटर खोल आणि बरा पाऊस झाला की मार्चपर्यंत साथ देणारी. वडील गेल्यावर तोंडी वाटणी झाली, दोन-दोन एकर. विहीर सामाईक राहिली आणि सातबाराही एकच राहिला. फोड करून घ्यायचं दोघांच्या मनात होतं, पण तलाठ्याकडे जायला कुणाला सवड झाली नाही. ही आळशीपणाची गोष्ट पुढे कामाला आली.

पीक म्हणजे रब्बीत अडीच एकर उन्हाळ कांदा आणि दीड एकर गहू. खरिपात बाजरी, सोयाबीन, पावसावर जमेल ते.

विजेच्या जोडणीसाठी २०२१ च्या सुरुवातीला कोटेशन, म्हणजे जोडणीचे पैसे, भरलं. जवळचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब होता, मध्ये बरेच खांब लागणार होते. पैसे भरून वाट पाहणाऱ्यांना कार्यालयाच्या भाषेत ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. अशा शेतकऱ्यांची संख्या राज्यात कायम मोठी राहिली आहे. तोवर डिझेल इंजिन होतंच.

इंजिनाचा हिशेब मी एकदा धाकट्यांसोबत बसून मांडला होता. एक एकर कांद्याचे वाफे एकदा भरायला साडेसहा तास. कांद्याला हंगामात अकरा पाण्या, गव्हाला पाच. सगळे मिळून सव्वादोनशे तासांच्या वर जातात. तासाला साधारण एक लिटर डिझेल आणि भाव नव्वदीच्या पुढे. ऑइल आणि किरकोळ दुरुस्ती धरून रब्बीचा खर्च पंचवीस हजारांच्या घरात. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे आखातात काही झालं की आमच्या बांधावर वाफे उशिरा भरले जायचे.

अडचण नेमकी कोणती होती

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटत होतं की अडचण जोडणीची आहे. जोडणी मिळाली की प्रश्न सुटला. मलाही तसंच वाटलं होतं.

पण ज्यांच्याकडे जोडणी होती, त्या शेजाऱ्यांकडे पाहा. तेव्हा शेतीच्या फीडरला (शेतीपंपांसाठीच्या वीजवाहिनीला) थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळायची. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री आठ ते दहा तास. रात्रीच का, याला कारण आहे. कोळशावरचा संच घरातल्या बल्बसारखा बंद-चालू करता येत नाही. त्याचा भार निम्म्याच्या आसपास उतरवता येतो, पण बॉयलर विझवून पुन्हा पेटवायचा तर कित्येक तास आणि तेलाचा वेगळा खर्च. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र मध्यरात्रीही धगधगत असतं, त्या वेळी शहरं झोपलेली असतात, आणि उरलेली वीज कुणीतरी वापरायला हवी असते. ते कुणीतरी म्हणजे शेतकरी. पंप दिवसाऐवजी रात्री चालवा म्हणजे ग्रीड (विजेचं जाळं) सांभाळलं जातं. राज्यातल्या एकूण वीजवापरात शेतीचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ही सोय वीजव्यवस्थेला फार मोलाची होती.

सोय वीजव्यवस्थेची आणि गैरसोय आमची. हा बिबट्याचा पट्टा आहे. ऊस नसला तरी ओढ्याकाठच्या झाडीतून बिबट्या येतो. थंडीत रात्री दोनला बॅटरी घेऊन वाफे भरायला जायचं, पायाखाली साप-विंचू आणि हातात घुंगराची काठी. दोघांच्या बायकांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं: रात्रीची वीज येणार असेल तर ती जोडणी आलीच नाही तरी चालेल. हे वाक्य तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

म्हणजे प्रश्न विजेचा नव्हता, वेळेचा होता. हे आम्हाला उशिरा कळलं, आणि सौरपंप आल्यावर तोच प्रश्न वेगळ्या रूपात परत आला.

समोर असलेले पर्याय

जोडणीची वाट पाहणे हा पहिला. यात खर्च शून्य, पण मुदत कुणालाच सांगता येत नव्हती.

स्वखर्चाने खांब-तारा टाकून घेणे हा दुसरा. एका ओळखीच्या ठेकेदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून थोरले म्हणाले, “एवढ्यात तर दोन गाई येतील.” विषय तिथेच संपला.

शेजाऱ्याच्या मोटरवरून तासावर पाणी घेणे, हे मधूनमधून चालू होतं. पण शेजाऱ्याचं स्वतःचं भरून झाल्यावरच आपला नंबर, आणि कांदा पोसायच्या वेळेला सगळ्यांनाच पाणी हवं असतं.

डिझेल चालूच ठेवणे. दोघांच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मत याच बाजूने होतं. “इंजिन आपलं ऐकतं,” असं त्या म्हणायच्या. यात बरंच तथ्य आहे. डिझेल महाग आहे, पण त्याची टाकी म्हणजे साठवलेली ऊर्जा आहे. हवी तेव्हा हँडल मारा. पुनर्नवीकरणीय आणि अपुनर्नवीकरणीय स्रोतांची तुलना करताना पुस्तकं धूर आणि साठ्याचं संपणं एवढंच सांगतात. हाताशी असलेपणाचं मोल मात्र आईंनी बरोबर हेरलं होतं.

आणि सौरपंप. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली. तिच्या ‘ब’ घटकात शेतकऱ्याला ग्रीडला न जोडलेला, स्वतंत्र सौरपंप मिळतो. महाराष्ट्रात सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के भरावे लागतात. पाच एचपीच्या पंपासाठी आम्हाला २७ हजारांच्या आसपास हिस्सा बसत होता. डिझेलच्या एका रब्बीएवढाच.

इथे जमिनीचा नियम आडवा आला. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकरांना ५ एचपी, त्यापुढे साडेसात. फोड झालेली असती तर दोघांना वेगवेगळे दोन एकर, म्हणजे ३ एचपीच मिळाला असता, आणि एका विहिरीवर दोन पंप कुणी मंजूर केले असते का, ही शंकाच. एकाच सातबाऱ्यावर चार एकर असल्यामुळे ५ एचपी मिळत होता. थोरल्यांच्या नावे अर्ज आणि धाकट्यांचं संमतीपत्र असं ठरलं. धाकटे दोन दिवस गप्प होते. पंप दादांच्या नावावर म्हणजे उद्या वाद झाला तर आपण कुठे? शेवटी घरच्या घरी एक करार लिहिला: पंप अर्धा-अर्धा, दुरुस्ती अर्धी-अर्धी, पाणी अर्धं-अर्धं. पाणी अर्धं म्हणजे कसं, ते लिहिलं नाही. करारनाम्यातली ही भोकं मला तेव्हा दिसायला हवी होती.

सौरपंप घेतला की पारंपरिक जोडणीवरचा हक्क सोडावा लागतो, हेही माहीत होतं. त्या वेळी कोटेशन भरून दोन वर्षं होऊन गेली होती. जे मिळतच नाही ते सोडायला काय जातं, असं सगळ्यांचं मत पडलं.

अर्ज आणि उभारणी

मे २०२३ मध्ये पोर्टलवर अर्ज भरला. जिल्ह्याचा कोटा उघडतो आणि पाहता पाहता संपतो, त्यामुळे सेवा केंद्रावर धाकटे पहाटेपासून बसले होते. पुढे हिस्सा भरणे, यादीतली कंपनी निवडणे, जागेची पाहणी हे सगळं यथास्थित झालं आणि ऑक्टोबरच्या शेवटी पंप बसला.

उभारणीत दोन निर्णय घेतले गेले, त्यातला एक बरा आणि एक वाईट.

बरा निर्णय पाहणीच्या वेळचा. कंपनीचा माणूस मोटरची खोली, उंची असं विचारत होता तेव्हा थोरल्यांनी ऐटीत खोली वाढवून सांगितली. खोल विहीर म्हणजे मोठेपणा! मी मध्ये पडलो. सौरपंपाला किती उंचीवर पाणी चढवायचं यावर सगळं ठरतं. ४,८०० वॉटच्या पॅनलवर वीस मीटर उंचीला दिवसाला अडीच लाख लिटर पाणी येऊ शकतं, तेच पन्नास मीटरवर लाखभरच येतं. चुकीची खोली सांगितली तर चुकीचा पंप गळ्यात पडतो. वायररोप सोडून विहीर मोजली आणि बरोबर आकडा लिहिला.

अडीच लाखांचा आकडाही कागदावरचा आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तो उत्तम उन्हाच्या, निरभ्र दिवसाचा आहे. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात तेवढं येत नाही. मे महिन्यातही येत नाही, कारण पॅनल तापून साठ अंशांच्या पुढे गेलं की त्याची वीज कमी होते. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असा सगळ्यांचा समज असतो, माझ्या वर्गातल्या मुलांचासुद्धा. पंप सगळ्यात खुशीत चालतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये.

वाईट निर्णय पॅनलच्या जागेचा. विहिरीजवळ दोन जागा होत्या. एक मोकळी, पण लागवडीखालची. दुसरी बांधालगत, जिथे तसंही काही पिकत नव्हतं. साहजिकच बांधालगतची धरली. पश्चिमेला वडिलांनी लावलेला कडुनिंब होता. ऑक्टोबरमध्ये दुपारी बाराला पाहिलं तेव्हा त्याची सावली पॅनलच्या जागेपासून दूर होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, सावल्या लांबतात, हे मी वर्गात शिकवतो आणि त्या दिवशी विसरलो. डिसेंबरमध्ये तीन वाजले की निंबाची सावली कोपऱ्यातल्या दोन पॅनलांवर चढायची. पॅनल एकामागे एक जोडलेली असतात, माळेतला एक मणी अडकला की सगळी माळ अडते.

पहिला हंगाम: रब्बी २०२३-२४

पाणी अर्धं-अर्धं म्हणजे वेळ अर्धी-अर्धी, असं दोघांनी गृहीत धरलं. इंजिनाच्या काळात तसंच होतं. डिझेलचा तास म्हणजे तास, सकाळचा काय आणि दुपारचा काय. म्हणून वाटणी अशी झाली: सकाळपासून साडेबारापर्यंत थोरले, पुढे धाकटे.

आठवड्याभरात कुरबुर सुरू झाली. धाकटे म्हणाले, “दादांचं सगळं भरून होतं, माझं अर्धंच राहतं.” दादा म्हणाले, “सकाळी नऊला तर नळाएवढी धार येते, ती कोण मोजणार?” दोघंही खरं बोलत होते. मी एका रविवारी दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसलो. सकाळी नऊला ड्रम भरायला पंचावन्न सेकंद लागले. साडेबाराला एकोणीस. तीननंतर निंबाची सावली चढल्यावर मोजलंच नाही, कारण पंप मध्येच बंद पडत होता. म्हणजे धाकट्यांच्या वाट्याला दुपारचे सोन्याचे दोन-अडीच तास आणि नंतर जवळपास काहीच नाही, आणि थोरल्यांच्या वाट्याला हळूहळू चढत जाणारी सकाळ.

मग एक दिवसाआड वाटणी ठरली. आज दादा, उद्या धाकटे. हा तोडगा पंधरा दिवस टिकला. २६ नोव्हेंबरला अवकाळी आला, नाशिक-नगर भागात गारा पडल्या, आणि पुढे डिसेंबरच्या सुरुवातीलाही आभाळ भरून राहिलं. आता ज्याचा दिवस ढगाळ गेला त्याचं काय? धाकट्यांच्या लागोपाठ तीन पाळ्या ढगाळ गेल्या. तिसऱ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि तो दिवस दादांचा होता. त्या संध्याकाळी मला फोन आला: “दाजी, तुम्हीच सांगा, ढगाचा हिशेब कुणाच्या नावावर टाकायचा?” (धाकट्यांची हरकत इथे आहे. ते म्हणतात, असं ते चिडून म्हणाले नव्हते, गमतीत म्हणाले होते.)

जावयाने असल्या भांडणात पडू नये असं माझी बायको म्हणते. मी पडलो. विजेचा दाब आणि पाण्याचा प्रवाह यांवर दोघांना तासभर समजावलं आणि काहीही ठरलं नाही.

दुसरी गोष्ट घडत होती ती कुणाच्या लक्षात आली नाही. इंजिनाच्या वेळी दर तासाला शंभर रुपये जळताना दिसायचे, म्हणून पाणी जपून ओढलं जायचं. आता पंप रोज चालायचा. ऊन आहे, फुकट आहे, चालू दे. वाफे भरून झाले तरी पाणी गव्हात सोडलं जायचं. त्या वर्षी पाऊस आधीच कमी होता, सिन्नरसह ४० तालुक्यांत शासनाने दुष्काळ जाहीर केला होता. एरवी मार्चपर्यंत पुरणारी विहीर जानेवारीच्या मध्यावर तळाला गेली. दिवसभरात जेमतेम तासभर पाणी. अर्धा एकर कांदा वाळून गेला. त्यातच डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यातबंदी आली होती, त्यामुळे जो निघाला त्यालाही भाव मिळाला नाही. पंचवीस हजारांचं डिझेल वाचलं, आणि त्याहून जास्तीचा कांदा गेला.

जुलै २०२४ मध्ये आणखी एक ठोसा बसला. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज, असा शासन निर्णय निघाला. ज्या शेजाऱ्यांनी कशाचाही हिस्सा भरला नव्हता त्यांचं बिल शून्य झालं. पारावर धाकट्यांना लोक विचारू लागले, “मग तुम्ही कशाला नादी लागलात?”

तळं

खरा निर्णय या दोन घटनांच्या मधे, मे २०२४ मध्ये झाला होता, आणि तो सुचवला आईंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाऊस आपल्याला हवा तेव्हा पडत नाही म्हणून विहीर खोदली. ऊन आपल्याला हवं तेव्हा पडत नाही, तर त्यालाही काहीतरी खोदा.

मी आधी बॅटरीचा विचार केला होता. पाच एचपीच्या पंपाला रात्री तीन-चार तास चालवेल एवढी बॅटरी म्हणजे पंपाच्या हिश्श्याच्या कितीतरी पट खर्च, आणि आठ-दहा वर्षांत ती बदलायची. त्यापेक्षा दिवसा पाणीच वर चढवून ठेवलं तर? अकोले तालुक्यातलं घाटघर इथून फार लांब नाही. तिथला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हेच करतो: वीज उरते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वरच्यात चढवायचं, आणि मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. त्याची रचना झाली तेव्हा उरलेली वीज म्हणजे रात्रीची कोळशाची, असं गणित होतं. आता सौर प्रकल्प वाढत आहेत तशी वीज दुपारी उरायला लागली आहे आणि सूर्य मावळला की टंचाई. उद्योगांना दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा दर लागतो तो याचमुळे. कोयनेचं पाणीही संध्याकाळच्या त्या चढत्या मागणीसाठीच राखून वापरलं जातं. राज्यापुढचा आणि आमच्या दोन भावांपुढचा प्रश्न एकाच जातीचा निघाला, याची मला गंमत वाटली. सासरवाडीत ती कुणाला वाटली नाही.

शेततळं पंधरा बाय पंधरा मीटर, तीन मीटर खोल, आतून प्लास्टिकचं अस्तर. बाजू उताराच्या ठेवल्या तर त्यात सुमारे ४ लाख ४० हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे बऱ्या उन्हाच्या दोन दिवसांचं पंपाचं काम. जागा कोणती? उंचावरची, म्हणजे तळ्यातून वाफ्यांत पाणी पाइपने आपोआप उतरेल आणि दुसरी मोटर लागणार नाही. उंच कोपरा थोरल्यांच्या वाट्यात होता. बांधासकट चार गुंठे जाणार. इथे पुन्हा गाडी अडली. शेवटी ठरलं ते असं: धाकट्यांनी खालच्या बाजूचे दोन गुंठे थोरल्यांना द्यायचे आणि जेसीबीचा खर्च एकट्याने उचलायचा. प्लास्टिक अर्धं-अर्धं. या वेळी सगळं कागदावर, तारखेसकट.

उंचावर तळं म्हणजे पंपाला चार-पाच मीटर जास्त चढ, आणि तेवढं पाणी कमी. ते मान्य केलं. कडुनिंबाच्या पश्चिमेकडच्या दोन फांद्या छाटल्या. झाड तोडायचा विषय निघाला होता, पण वडिलांनी लावलेलं म्हणून आईंनी तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

वाटणीची पद्धत बदलली. आता वेळ वाटायची नाही, साठलेलं पाणी वाटायचं. पंप दिवसभर कुणासाठीही नाही, तळ्यासाठी चालतो. तळं भरलं की अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. ढग कुणाच्या नावावर टाकायचा, हा प्रश्नच उरला नाही.

त्यातही एक फसगत होणार होती. दहा फूट खोल तळं म्हणून थोरल्यांनी वरचे पाच फूट माझे, खालचे पाच तुझे असं ठरवलं होतं. बाजू उताराच्या असल्यामुळे तळं वर रुंद आणि खाली निमुळतं आहे, वरच्या फुटात जेवढं पाणी मावतं तेवढं तळाच्या फुटात मावत नाही. हिशेब केला तर निम्मं पाणी वरच्या पावणेचार फुटांतच निघालं. दादांना हे पटवायला मी घमेल्यात पाणी भरून दाखवलं. मग लोखंडी पाइपवर पावणेचार फुटांवर लाल रंगाची रेघ मारली आणि तो तळ्यात उभा केला.

दुसरा हंगाम आणि आजची स्थिती

२०२४ चा पाऊस चांगला झाला, त्यामुळे दुसऱ्या रब्बीच्या यशाचं सगळं श्रेय तळ्याला देणं प्रामाणिक होणार नाही. तरी काही गोष्टी स्पष्ट दिसल्या. विहिरीच्या कठड्यावरून तिसऱ्या पायरीखाली पाणी गेलं की पंप बंद, असा नियम आईंनी घातला आणि त्या स्वतः रोज सकाळी वाकून पाहायच्या. विहीर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकली. कांदा पूर्ण निघाला. वाफे सकाळी सातला भरायला सुरुवात करता आली, कारण पाणी आदल्या दिवशीचं तळ्यात होतं. रात्री शेतात कुणीही गेलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर पंपाचा कंट्रोलर (पॅनलची वीज मोटरला जुळवून देणारा डबा) बंद पडला. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे, तक्रार लगेच नोंदवली, तरी माणूस येईपर्यंत सतरा दिवस गेले. साधी एसी मोटर असती तर तालुक्याच्या बाजारात दोन दिवसांत भरून मिळाली असती. डीसी मोटर आणि तिचा कंट्रोलर गावातल्या मिस्त्रीच्या हातचा नाही. ते सतरा दिवस डिझेल इंजिनाने काढले. धाकटे आदल्या वर्षी ते विकायला निघाले होते, आईंनी गिऱ्हाईक परत पाठवलं होतं.

२०२५ मध्ये गावच्या उपकेंद्राजवळ मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला प्रकल्प सुरू झाला. आता शेजाऱ्यांना शेतीची वीज दिवसाच मिळते, तीही मोफत, आणि त्यांच्या मोटरी सकाळपासून एकाच ताकदीने चालतात, कारण ढग आला तर ग्रीड भरून काढतं. यात आम्ही मागे पडलो का? धाकट्यांना वाटतं, पडलो. थोरले डीपीकडे बोट दाखवतात. त्या हंगामात तो एकदा जळला आणि बदलून येईपर्यंत त्याच्यावरची सगळी शेतं थांबली होती, वर्गणीवरून वादही झाला. आणि आमचं कोटेशन अजून तिथेच असतं तर? नव्या जोडणीऐवजी सौरपंपच देण्याकडे धोरण वळलं होतं, म्हणजे बहुधा आणखी एक-दोन वर्षं डिझेल जाळून याच पंपापाशी आलो असतो. पण हा माझा अंदाज.

शेजाऱ्यांच्या विहिरींची काळजी मला आमच्यापेक्षा जास्त वाटते. दिवसा, फुकट, आठ तास. आमच्या पहिल्या हंगामात जे एका विहिरीचं झालं ते आता फीडरभर होऊ शकतं.

वेगळं काय करता आलं असतं

पॅनल मोकळ्या जागेत बसवायला हवी होती. अर्धा गुंठा पीक वाचवण्यासाठी हिवाळ्यातलं रोजचं दीड-दोन तास पाणी घालवलं. बसवण्याआधी एक काम करायचं: २१-२२ डिसेंबरच्या सुमारास, सकाळी नऊ आणि दुपारी चारला त्या जागेवर उभं राहायचं. तेवढी वाट पाहणं शक्य नसेल तर दक्षिणेला आणि पश्चिमेला उंच झाड दिसेल ती जागा सोडायची.

विहिरीची आवक आधी मोजायला हवी होती. आम्ही पंपाची ताकद मोजली, विहीर रात्रीत किती भरते हे मोजलं नाही. एक दिवस उपसून दुसऱ्या दिवशी पातळी पाहिली असती तर कळलं असतं की जानेवारीत ही विहीर दिवसाला लाखभर लिटरच देते. रोज दोन लाख लिटर उपसणारा पंप तिच्यावर बसवला की घाई तेवढी वाढते.

तळं पंपाच्या आधी, निदान पंपासोबत व्हायला हवं होतं. पण आकार याहून मोठा नको. गावात काहींनी वीस-पंचवीस मीटरची तळी विहिरीच्या पाण्याने भरून ठेवली आहेत. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यावरून रोज सेंटिमीटरभर थर उडून जातो, आमच्या एवढ्याशा तळ्यातून म्हणजे दोन हजार लिटरच्या वर. जमिनीखालचं पाणी उन्हात काढून ठेवायचं ते दोन दिवसांपुरतंच.

करारात ‘पाणी अर्धं’ लिहिताना पाणी कशाने मोजायचं तेही लिहायला हवं होतं. ही चूक सगळ्यात स्वस्तात टळली असती.

ठिबक केलं नाही, हा निर्णय अजून लोंबकळतो आहे. थोरल्यांना हवं आहे, कारण पाणी निम्मं लागेल. पण तळ्याच्या उंचीवरून येणारा दाब ठिबकला पुरत नाही, मधे छोटी मोटर लागेल आणि ती पुन्हा उन्हावरच चालवावी लागेल. धाकटे म्हणतात, कांद्याचा एक हंगाम बरा जाऊ द्या. कंट्रोलरची हमी २०२८ मध्ये संपते आणि नवा कंट्रोलर किती पैशाचा, ते दोघांनी अजून विचारलेलं नाही. पॅनल आठवड्यातून एकदा कुणी धुवायची, यावरून सध्या वाद चालू आहे. तूर्त आईच पहाटे बादली घेऊन जातात.